आकाशाचा रकाना

सभा संपली. म्हणजे चहा संपला.
सात जणांपैकी सहा जणांनी हात वर केले,
सातवी मी.
फिंडले फ्लेटने कोटातून किल्ली काढली,
धुरी दिलेल्या माशांच्या वासाची,
आणि म्हणाला, आधी कडी उचल, मग फिरव,
नाहीतर अडते.
एकतीस वर्षांनंतर
एवढंच भाषण.

पोर्टसॉयच्या जुन्या बंदरावर
जाळी ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची दुर्बीण.
आरसा त्याने स्वतः घासलेला, दोन हिवाळे,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर;
बायको म्हणे, जेवायचं कुठे ते तरी सांग.
इथे समुद्रावरून धुकं येतं
आणि घरच्यासारखं आत येऊन बसतं.
तरी आम्ही जमतो.
पौर्णिमेला नाही. पौर्णिमा फोटोवाल्यांची,
सपाट, सावलीविना, सगळ्यांना आवडणारी.
आमची अष्टमी, आमची नवमी:
प्लेटो विवरात सकाळ होते,
पूर्वेच्या कड्याचे दात
काळ्या सपाट तळावर लांबच लांब पडतात
आणि तासाभरात आखडत जातात.
पेन्सिल तेवढ्यात चालवायची.

वह्या अकरा. रकाने चार:
तारीख, वेळ, आकाश, निरीक्षक.
वर्षाचा अहवाल आता मला पाठवायचा, म्हणून
घरी नेल्या, दिव्याखाली पसरल्या.
मागच्या दोन वर्षांतली त्याची पाच चित्रं.
पाच वेगळ्या रात्री, पाच वेगळ्या वेळा,
आणि सावली एकच.
तिसरा दात आखूड, चौथ्याला बारीकसा वाक.
ही सावली मी ओळखत होते.
सत्त्याऐंशीच्या मार्चमधली,
वही तिसरी, पान चाळीस,
त्याचं सगळ्यात सुंदर चित्र.

पाचही पानांवर आकाशाच्या रकान्यात:
निरभ्र.

मी दिवा मालवला नाही. बराच वेळ नुसती बसले.
मग आठवलं, तो चाचपून कप उचलायचा,
नाणी अंगठ्याने मोजायचा.
मोतीबिंदू. काय नाव आहे,
जणू कुणी चंद्राचं पिल्लू
डोळ्यात पाळायला ठेवलंय.
ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेलेली,
हे त्याने हसत सांगितलं होतं आणि आम्ही हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी गेले. तो बटाटे सोलत होता, न बघता.
विचारायचं ते विचारलं नाही.
म्हटलं, आकाशाचा रकाना कसा भरायचा?
दिसलं ते लिहायचं.
आणि नाही दिसलं तर?
साल लांबत गेली, लांबत गेली, तुटली.
तेही, म्हणाला.
जरा थांबून,
ते मला जमलं नाही, इश्बेल.

चित्रं फाडली नाहीत. खोडलीही नाहीत.
पाच जागी, निरभ्रच्या खाली, पेन्सिलीने लिहिलं:
ढग निरीक्षकापाशी. मोजू नये.
आणि शेजारी माझी सही,
पहिली, थोडी तिरकी.

नवमीला आकाश खरंच उघडलं.
मी कडी उचलायला विसरले, किल्ली अडली,
अंधारात कुणीतरी खाकरलं:
आधी कडी.
तो माशांच्या पेटीवर बसला, कॉलर वर करून.
कॅनरीतला वोइचेख थर्मास फिरवत होता.
भिंगाशी त्याची बारा वर्षांची हान्या,
पहिल्यांदाच आलेली.
काय दिसतंय? फिंडलेने विचारलं.
दात, ती म्हणाली. काळे.
किती?
तीन. नाही, थांबा.
तिसरा आखूड?
नाही, लांब आहे. सगळ्यात लांब तोच.
तो काही बोलला नाही.
मग हात पुढे करून म्हणाला, केवढा, इथे दाखव,
आणि तिने त्याच्या तळहातावर
बोटाने रेघ ओढली.

मी वही उघडली.
तारीख, वेळ, निरभ्र.
निरीक्षकाच्या रकान्यापाशी थांबले.
आडनाव कसं लिहायचं ते मुलीला विचारलं,
ती हळूहळू सांगत गेली,
एकेक अक्षर,
माझी बोटं गारठलेली.
वोइचेख म्हणाला, दूध संपलंय, पुढच्या वेळी कोण आणणार?
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.